पात्याभर तोकडं

आमच्या भाऊजींच्या पोटात दुखायला कधी लागलं तो दिवस मला नेमका सांगता येतो, कारण त्या रात्री मी त्यांच्याकडे जेवायला होते आणि मोजत होते. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, एका जेवणात 'मॅडम' हा शब्द अकरा वेळा बोलली. ताईचं म्हणणं बारा वेळा, पण त्यातलं एक 'मॅडमसारखं' होतं, ते मी धरलं नाही. पाचव्या वेळेला भाऊजींनी पाणी मागितलं. आठव्या वेळेला भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. अकराव्या वेळेला ते ताट घेऊन उठले.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. आमच्या शाळेत बावीस वर्षं सुतारकाम शिकवतात. त्याच कार्यशाळेच्या टोकाला हत्यारांची खोली आहे, तिच्या खिडकीत मी बसते. करवती, पटाश्या, रंधे मुलांना नोंद करून द्यायचे आणि तास संपला की मोजून परत घ्यायचे, हे माझं काम. शाळेत त्यांना मी 'सर' म्हणते, घरी 'भाऊजी', आणि मेहुणीला जेवढं बोलायची मुभा असते तेवढी दोन्हीकडे पुरेपूर वापरते. मुलं त्यांना मागे 'काटकोन' म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि आतून आवडतंही.

त्यांच्या शिकवण्याला नावं ठेवायला खरंच जागा नव्हती. आठवीत फळी, नववीत झाकणाची पेटी, दहावीत स्टूल. साठ मुलं, साठ पेट्या, सगळ्या एका मापाच्या. कुणाची पेटी कुणाची हे खाली नाव वाचल्याशिवाय आईबापांनाही कळायचं नाही, आणि हीच भाऊजींना आपली कमाई वाटायची. त्यांचा पहिला धडा दरवर्षी तोच: "करवतीच्या पात्याला जाडी असते. रेघेवरच करवत चालवलीत तर तेवढं लाकूड भुसा होऊन जाईल आणि माप चुकेल. करवत रेघेच्या उजवीकडे. रेघ शिल्लक दिसली पाहिजे." मुलं हे एका सुरात म्हणायची. मी खिडकीत बसून ओठ हलवायचे.

वर्गात दरवर्षी तीन-चार डावरी मुलं असतात. भाऊजींनी कुणालाही हात बदलायला लावलं नाही, त्यांना वाटायचं आपण फार उदार आहोत. "हात कुठलाही चालेल, नियम एकच," असं ते म्हणायचे. पण त्या मुलांचे तुकडे मोजायला घेतले की नेहमी किंचित कमी भरायचे. 'डावऱ्याचं काम, पात्याभर तोकडं' अशी आमच्या कार्यशाळेची म्हणच पडली होती. मीही ती कितीदा हसत हसत म्हटली असेल.

माझी भाची डावरी आहे.

तिला सगळे मिरी म्हणतात. जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि काळी होती आणि आवाज तिखट होता. आता चौदा वर्षांची आहे, नववीत, बापाच्याच वर्गात. तिच्या पेटीचं झाकण डुगडुगायचं. भाऊजींनी सगळ्या वर्गापुढे ते बोटानं डुगडुगवून दाखवलं आणि वर्गातले सगळ्यात कमी गुण तिला दिले. "सरांची मुलगी म्हणून सवलत दिली असं कुणी म्हणायला नको," असं त्यांनी घरी ताईला सांगितलं. ताई म्हणाली, "सवलत नका देऊ, पण दंडही कशाला?" त्यावर ते जे बोलले ते मिरीनं ऐकलं. ते म्हणाले, "तिचा हात या कामाचा नाही, त्याला मी काय करू?"

मग याच वर्षी, दिवाळीनंतर, मॅडम आल्या.

बत्तीसएक वर्षांच्या असतील. खांद्याला पिशवी, पिशवीत पुठ्ठा. शाळेनं नवा विषय काढला होता, त्रिमितीय रचना. म्हणजे वस्तू कशी असावी हे आधी ठरवायचं, मग तिची प्रतिकृती करायची, मग खरी वस्तू. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, कार्यशाळेच्या जमिनीवर मधोमध पिवळी रेघ मारून घेतली. खिडक्यांकडची चार टेबलं मॅडमची, दाराकडची चार भाऊजींची. भाऊजींनी पहिल्याच दिवशी पट्टी आणून रेघ मोजली. ती सहा इंच त्यांच्या बाजूला सरकलेली निघाली. ते कुणाला काही बोलले नाहीत. फक्त मला बोलले, चार वेळा.

मॅडमनी पहिला आठवडा काहीच शिकवलं नाही. एका स्टुलावर बसून वही उघडली आणि मुलांना काम करताना नुसतं बघितलं.

"बसायचा पगार," भाऊजी माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले.

"मीही बसूनच असते, सर."

"तू मोजतेस तरी."

"त्याही मोजत असतील."

"काय मोजणार? पुठ्ठा?"

'पुठ्ठा मॅडम' हे नाव त्यांनीच ठेवलं आणि मुलांकडून आलं असं भासवलं. मॅडमच्या कानावर गेलं तेव्हा त्या हसल्या आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून टाकलं. टोमणा असा कुणी आपणहून घरात बोलावून बसवला की मारणाऱ्याची पंचाईत होते. भाऊजींनी ते नाव पुन्हा काढलं नाही.

नववीचे दोन्ही तास सगळ्या मुलांना सक्तीचे होते, पण दहावीला एकच बाजू निवडायची होती: सुतारकाम किंवा रचना. अर्ज महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत द्यायचा, खाली पालकाची सही. मिरीनं अर्जात 'रचना' लिहिलं आणि सहीसाठी बापाच्या हातात दिला. भाऊजींनी तो वाचला, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी ताईनं सदरा धुवायला मागितला तर अर्ज दुसऱ्या सदऱ्यात गेला. असे सहा सदरे झाले. सही काही होईना.

"एक सही तर करायची आहे," ताई म्हणाली.

"विचार करतोय."

"तुम्ही दुसरी बाजू शिकवता म्हणून विचार करताय. ती तुमच्याच वर्गातून जातेय, घरातून नाही."

"बावीस वर्षांत माझ्या विषयातून कोण गेलंय सांग. आणि जायची पहिली पाळी माझ्या पोरीची? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, हिला तरी कळलं," मी म्हटलं. मेहुणीची मुभा. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

आता एक खरं सांगते. थोडं माझंही दुखत होतं. मला मूल नाही. मिरी शाळा सुटली की आधी माझ्या खिडकीत यायची, कठड्यावर कोपरं टेकून दिवसभराचं सांगायची. मॅडम आल्यापासून ती पिवळ्या रेघेपलीकडेच रेंगाळायची आणि माझ्या वाट्याला फक्त "मावशी, निघते" एवढंच यायचं. पण मी माझं दुखणं दाबून बसले होते. भाऊजींना ते जमत नव्हतं. ते रंधा मारताना मान वर करून बघायचे. रंधा मारताना मान वर करणाऱ्या मुलाला ते स्वतः कान धरून उभं करतात.

मग बारीकसारीक सुरू झालं. बारीक दातांची करवत पलीकडच्या बाजूला द्यायची नाही, असं त्यांनी मला सांगितलं. मी म्हटलं, लिहून द्या. त्यांनी दिलं नाही, मी करवत देत राहिले. मॅडमच्या टेबलावरचा भुसा त्यांच्या बाजूला उडतो अशी त्यांची तक्रार झाली, कार्यशाळेत. एका रविवारी ताईनं मला फोन केला: "हे दार लावून आत काहीतरी कापतायत." मी गेले. भाऊजी जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून स्टूल कापत होते. पुठ्ठा चेंगरला होता, स्टूल लंगडं होतं आणि त्यांच्या अंगठ्याला चिंधी होती. बावीस वर्षांत लाकडानं ज्याला ओरखडा दिला नाही त्याला पुठ्ठ्यानं कापलं.

"कुणाला सांगायचं नाही," ते म्हणाले.

"मी कशाला सांगू?" मी म्हटलं, आणि खाली जाऊन ताईला सांगितलं.

मॅडमचं काम असं होतं: प्रत्येक मुलानं शाळेतला एक माणूस निवडायचा, आठवडाभर त्याला काम करताना बघायचं, त्याला कुठे अडचण होते ते लिहायचं आणि त्याच्यासाठी एक वस्तू करायची. मिरीनं मला निवडलं. मला आधी सांगितलंच नाही. आठ दिवसांनी वही दाखवली. एका तासात मी खालच्या खणासाठी एकतीस वेळा वाकते, त्यातल्या एकोणीस वेळा फक्त पेन्सिल आणि गुण्या काढायला. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं ते साधन. तेराव्या वेळेनंतर मी वाकताना 'आई गं' म्हणते. जन्मभर दुसऱ्यांची मोजदाद करणाऱ्या बाईला कुणीतरी मोजलं होतं. मला जरा लाज वाटली आणि मग फार बरं वाटलं.

ती माझ्यासाठी एक ट्रे करणार होती, खिडकीच्या कठड्यावर ठेवायचा. आत दोन पडद्या एकमेकींना छेदून जाणाऱ्या, एकीच्या खाचेत दुसरी, म्हणजे चार कप्पे. पुठ्ठ्याचे पाच ट्रे झाले. पाचव्यात माझा हात नीट गेला. मग तिनं प्लायवुड घेतलं.

अशा ट्रेची सगळी गंमत पडद्यांच्या मापात असते. पडदी जरा लांब झाली तर आत जात नाही, जरा आखूड झाली तर खुळखुळते. महिनाअखेरीच्या मंगळवारी मधल्या सुट्टीत, मुलं डबे खात असताना, भाऊजी पिवळी रेघ ओलांडून गेले. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी मिरीच्या पडद्या उचलल्या, पट्टी लावली, उजेडाकडे धरून पुन्हा लावली. मग पडदी ट्रेमध्ये बसवली. ती गेली, थांबली, हलली नाही. त्यांचा चेहरा आनंदी व्हायला हवा होता. तो झाला नाही.

सुट्टी संपली आणि दोन्ही बाजूंचे वर्ग भरले. भाऊजी पडदी हातात घेऊन रेघेवर उभे राहिले.

"मॅडम, एक विचारायचं होतं. हे कुणी कापलं?"

"मिरीनं."

"हे मिरीनं कापलेलं नाही."

साठ मुलांनी हातातलं थांबवलं. मॅडम म्हणाल्या, "सर, आपण आत बोलू या का?"

"आत कशाला? गुण वर्गात देतात, तर हिशेबही वर्गात होऊ दे. मी हिला दोन वर्षं शिकवतोय. हिचा एकही तुकडा आजवर पुरा भरलेला नाही. हा केसभरही कमी नाही. कापून द्यायचं आणि मुलांच्या नावावर दाखवायचं, याला शिकवणं म्हणत नाहीत. आमच्याकडे तरी नाही म्हणत."

मिरीच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मला वाटलं मॅडम भडकतील. त्या म्हणाल्या, "ती कापून दाखवेल. तिची इच्छा असेल तर. मिरी?"

मिरीनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मग ती माझ्या खिडकीशी आली आणि म्हणाली, "मावशी, बारीक दातांची." मी नोंद केली.

तिनं प्लायवुडची पट्टी घेतली, माप घेतलं, गुण्या लावून रेघ ओढली. टेबलावर लाकूड टेकवायला एक अडण असते, तिला पट्टी टेकवली. उजव्या हातानं चांगला तुकडा घट्ट धरला, डाव्या हातात करवत. पात्याला दिशा दिली आणि रेघेच्या डावीकडे टेकवलं.

भाऊजी नेहमी उभे राहतात तिथेच उभे होते, मुलाच्या उजव्या हाताला. त्यांच्या तोंडून सवयीनं गेलं, "रेघेच्या उजवीकडे."

मिरी थांबली. शाळेत ती बापाला सर म्हणते, तो त्यांचाच नियम.

"सर, उजवीकडे कापलं तर भुसा कुठल्या तुकड्याचा होईल?"

"टाकायच्या तुकड्याचा. दुसऱ्या कुठल्या?"

"टाकायचा तुकडा कुठे आहे?"

भाऊजींनी बघितलं. मग टेबलाला वळसा घालून ते पलीकडे गेले आणि तिथून बघितलं. उजव्या हाताचा मुलगा चांगला तुकडा डाव्या हातानं धरतो, टाकायचा तुकडा उजवीकडे पडतो. त्याला उजवीकडे काप म्हणणं बरोबर. डाव्या हाताचं मूल सगळं उलटं धरतं. त्याचा टाकायचा तुकडा डावीकडे. त्याला उजवीकडे काप म्हटलं की पातं चांगल्या लाकडात घुसतं आणि नेमकं पात्याच्या जाडीएवढं लाकूड खातं. दर वेळी. भाऊजी बावीस वर्षं तुकडा मोजत आले होते, कापणाऱ्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले नव्हते. आणि मी बावीस वर्षं नाही, पण चौदा वर्षं समोर खिडकीत बसून त्यावर विनोद करत होते.

"काप," ते म्हणाले.

तिनं कापलं. त्यांनी पट्टी लावली. कुणी विचारलं नाही किती भरलं. तिसऱ्या टेबलावरचं एक मूल स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होतं, जणू तो आत्ताच कुणी आणून दिला.

भाऊजींनी पडदी टेबलावर ठेवली, मॅडमना "बरोबर आहे" एवढं म्हणाले आणि माझ्या खोलीत येऊन खुर्चीत बसले. मी दार लोटलं.

"वर्षाला किती असतील डावरी?" त्यांनी विचारलं.

"तीन-चार."

"म्हणजे?"

"बावीस वर्षांची ऐंशीच्या घरात."

मला वाटलं आता ऐंशी मुलांबद्दल काही बोलतील. ते म्हणाले, "तिनं मला का नाही सांगितलं? त्या बाईंना सांगितलं."

"त्यांना सांगितलं नाही. त्यांनी बघितलं. तो पहिला आठवडा त्या बसून होत्या ना, तेव्हा हेच बघत असणार."

"मग त्या बाईंनी मला सांगायचं."

"सर, तुम्ही त्यांना भुशाबद्दल बोलत होतात."

संध्याकाळी घरी त्यांनी मिरीलाच विचारलं. ती म्हणाली, "बाबा, मी आठवीत विचारलं होतं. डावीकडे कापू का म्हणून. तुम्ही म्हणालात, नियम एकच." भाऊजींना आठवत नव्हतं. मिरीला तारीख पाठ होती. माझीच भाची आहे.

बुधवारी ते मॅडमकडे गेले. मी खिडकीत होते आणि कान होते तिथेच होते.

"काल मी जे बोललो ते चुकलं," भाऊजी म्हणाले. "वर्गासमोर बोललो होतो, म्हणून वर्गासमोर म्हणतोय." आणि खरंच वर्ग होता, मुलांचे कान टवकारलेले.

मॅडम जरा वेळानं, मुलं कामाला लागल्यावर, हळू म्हणाल्या, "सर, एक मीही सांगते. मी मुलांना प्लायवुडच का देते माहीत आहे? मला रंधा येत नाही. फळी सपाट करायला गेले की मधे खड्डा पडतो. तुम्ही रंधा मारता तेव्हा ती सळसळीत लांब साल निघते ना, ती बघून माझ्या पोटात दुखतं. पहिल्या दिवसापासून."

भाऊजींना हे ऐकून इतकं बरं वाटलं की त्यांनी ते लपवायचा प्रयत्नही केला नाही. दिवसभर शीळ घालत होते. माणसाला माफी मिळाल्यानं जेवढं सुख होत नाही तेवढं दुसरं कुणी आपल्यावर जळतंय हे कळल्यानं होतं. अर्ज मात्र खिशातच होता.

आणि मग त्यांनी डाव टाकला. गुरुवारी शाळा सुटल्यावर ते थांबले. आमच्या टेबलांना लाकूड पकडायचा लोखंडी शिकंजा असतो, तो डाव्या टोकाला, म्हणजे उजव्या हाताच्या माणसाला रंधा मारायला सोयीचा. डावऱ्या मुलाला तिथे मांजरासारखं वळून उभं राहावं लागतं. भाऊजींनी आपल्या बाजूच्या चौथ्या टेबलाचा शिकंजा उपटला आणि उजव्या टोकाला बसवला. अडणही उलटी केली. मला पाना धरायला लावलं.

"ऐंशी मुलांसाठी?" मी विचारलं.

"अर्थात."

"टेबल दाराकडे फिरवलंत. म्हणजे आत येणाऱ्याला आधी हेच दिसणार."

"उजेड चांगला येतो."

"उजेड खिडकीकडून येतो, सर."

"पाना घट्ट धर," ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी त्यांनी मिरीला तासाआधी बोलावून घेतलं. शिकंज्यात सागाची फळी लावून ठेवली होती, चांगल्या दाण्याची, जी ते दहावीच्या मुलांनाही देत नाहीत. रंधा स्वतः धार करून ठेवला होता.

"मारून बघ," ते म्हणाले.

मिरी उभी राहिली. पाय कुठे ठेवायचे हे तिला शोधावं लागलं नाही. डाव्या हातानं तिनं रंधा ढकलला आणि लांब साल निघाली, तुटली नाही. तिनं दुसरी काढली, मग तिसरी. ती हसली. दोन वर्षांत त्या टेबलावर ती हसलेली मी बघितली नव्हती. भाऊजींनी माझ्याकडे एक नजर टाकली, जिंकलेल्याची.

"कसं वाटतंय?"

"छान आहे, बाबा. एकदम बरोबर आहे."

त्यांनी खिशातून अर्ज काढला, घड्या उलगडल्या, टेबलावर हातानं सपाट केला. 'रचना' या शब्दावर बोट ठेवलं. "हे खोडून खाली लिहिता येईल. जागा आहे."

मिरीनं रंधा आडवा ठेवला, पातं टेकू नये असा, त्यांनी शिकवलेला.

"मी तिकडेच जाणार आहे, बाबा."

"तिकडे असा शिकंजा आहे का?"

"नाही."

"साग आहे?"

"नाही."

"त्या बाईंना रंधा येत नाही. त्यांनी मला स्वतः सांगितलंय."

"मलाही सांगितलंय."

"मग तिकडे आहे काय?"

मिरी फळीवर तळहात फिरवत राहिली. "तिकडे मी चुकले तर मीच चुकते," ती म्हणाली. "इथे चुकले की सरांची मुलगी चुकते. आणि बरोबर आलं तर कुणीतरी कापून दिलेलं असतं."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी मेहुणीची मुभा वापरली नाही. खिडकीत पेन होतं ते पुढे केलं, एवढंच. त्यांनी अर्ज फळीवर ठेवून सही केली. सही करताना त्यांचा हात जड होता, कागदाला भोक पडेल असं वाटलं. मिरीनं अर्ज घेतला, म्हणाली, "दुपारी हे टेबल मोकळं असेल तर मी फळी पुरी करीन," आणि पिवळी रेघ ओलांडून गेली.

पहिल्या तासाला आठवी आली. दारातून आत आल्या आल्या एक डावरी मुलगी त्या टेबलापाशी थबकली. शिकंजा कुठल्या टोकाला आहे ते बघितलं, मग दुसऱ्या टेबलांकडे बघितलं.

"सर, मी इथे उभी राहू?"

"राहा. करवत कुठल्या बाजूला?"

वर्गानं एका सुरात सुरुवात केली, "रेघेच्या उज..." आणि काटकोन सरांनी हात वर केला. "तसं नाही. टाकायचा तुकडा ज्या बाजूला, त्या बाजूला. आधी टाकायचा कुठला ते ठरवा. त्याच्यावर फुली मारा. मग कापा." मुलांना सूर सापडेना. नवा नियम जुन्याच्या दुप्पट लांब होता.

मुलीनं पट्टी टेकवली, फुली मारली. भाऊजी टेबलाच्या पलीकडच्या अंगाला जाऊन उभे राहिले. तेवढ्यात रेघेपलीकडे मॅडम आणि अर्ज देऊन अजून तिथेच रेंगाळलेली मिरी कशावर तरी हसल्या, मोठ्यानं, दोघी एकदम.

"एवढं काय हसण्यासारखं आहे?" भाऊजी मला म्हणाले.

"विचारून येऊ?"

"नको." ते पुन्हा मुलीकडे वळले. "तू काप. तिकडे बघू नकोस."

ती बघत नव्हती. तिचं पातं रेघेला लागून डाव्या बाजूनं सरळ खाली चाललं होतं.